डिस्क आली, किल्ली मागेच राहिली

आमच्या ऑफिसातल्या एका सहकारी मॅडमना ऐकू येत नाही. त्यांचं कामाचं सगळं बोलणं दोन वाटांनी चालतं, चॅट आणि व्हिडिओ कॉल. कॉलवर समोरच्याचं बोलणं त्या खाली उमटणाऱ्या कॅप्शनमधून वाचतात. मोठ्या बैठकीला सांकेतिक भाषेचे दुभाषी एका चौकटीत असतात आणि मॅडम त्यांच्या हातांकडे बघून बैठक ऐकतात. आपलं साइन-इन अडलं तर आपण फोन उचलतो, तासभर तसंच निभावून नेतो. मॅडमचं साइन-इन अडलं की त्या ऑफिसात असूनही ऑफिसबाहेर असतात. म्हणून जुनी डिस्क नव्या लॅपटॉपमध्ये हलवल्यावर त्यांचं साइन-इन कसं अडलं, हे प्रकरण मी सगळ्या तपशिलांसह लिहितो आहे, माझ्या चुकाही त्यात आल्या. असाच अडथळा पुढे कुणाला आला तर त्याचा अर्धा दिवस तरी वाचावा.

शनिवारी काय केलं

मॅडमचा जुना लॅपटॉप सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, त्यावर विंडोज १०. काही मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० चिप (गुप्त किल्ल्या आत जपणारी सुरक्षा चिप) लागते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. मशीन बदलणं भागच होतं. पण आतली एसएसडी, म्हणजे साठवणीची डिस्क, वर्षभरापूर्वीच नवी घातलेली होती आणि मॅडमची सगळी मांडणी तिच्यावर होती: कॅप्शनच्या अक्षरांचा आकार, सूचना आली की पडदा लुकलुकण्याची सोय, दोन खिडक्या शेजारी लावायची सवय. ते सगळं नव्याने बसवायला त्यांचा आठवडा गेला असता. मी ठरवलं, एसएसडीच काढून नव्या लॅपटॉपमध्ये बसवू आणि मग तिथे विंडोज ११ करू.

नवा लॅपटॉप सुरू केला तर बिटलॉकरचा, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचा, निळा पडदा आला. रिकव्हरी की मागत होता, ४८ आकडी. ती आमच्याकडे नोंदवलेली होती, टाकली. पुढच्या प्रत्येक सुरुवातीला हा प्रश्न येऊ नये म्हणून बिटलॉकरचा जुन्या चिपशी बांधलेला प्रोटेक्टर (कुलूप आपोआप उघडण्याची सोय) काढला आणि नव्या चिपचा जोडला. मग लॉगिनच्या पडद्यावर पिन उपलब्ध नसल्याचा संदेश. म्हटलं, बघू नंतर. पासवर्डने आत गेलो. विंडोज ११ चं अपग्रेड दीड तासात विनातक्रार झालं. फाइली जागच्या जागी, अक्षरांचा आकार तोच, वॉलपेपरसुद्धा तोच.

सोमवारी घडलेल्या सगळ्याचं उत्तर त्या निळ्या पडद्यात आणि त्या पिनच्या संदेशात होतं. मी दोन्ही पाहिले, दोन्ही वेळा तात्पुरता उपाय केला आणि पुढे सरकलो.

सोमवारी सकाळी

सव्वानऊला मॅडम माझ्या टेबलाशी आल्या आणि मोबाइलवर टाइप केलेलं पुढे धरलं: "सर, मोबाइलवर चॅट चालतंय. लॅपटॉपवर आत जात नाही. पासवर्ड बरोबर आहे, तीनदा बघून टाकला. अकराला बैठक आहे."

या चार वाक्यांत निदानाचा निम्मा भाग होता. मोबाइलवर चालतंय, म्हणजे खातं जिवंत आहे आणि सेवाही चालू आहे. लॅपटॉपवर नाही, म्हणजे दोष मधल्या वाटेवर किंवा मशीनमध्ये. मी तेवढ्यावर थांबून विचार केला असता तर मॅडमना अकराची बैठक मिळाली असती.

लॅपटॉपवर चॅट आणि मीटिंगचं ॲप उघडत होतं, खात्याचं नाव दाखवत होतं, पासवर्ड घेत होतं, एक पांढरी खिडकी क्षणभर चमकायची आणि मग संदेश यायचा: तुमच्या संगणकाचा ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल (म्हणजेच टीपीएम चिप) बिघडला आहे. खाली बारीक अक्षरांत ८००९००१६ हा कोड. ईमेलचं ॲपही त्याच जागी अडत होतं. एका ॲपचं एकट्याचं दुखणं असतं तर दोन्ही एकाच पायरीवर थांबली नसती. हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

त्याऐवजी मी सवयीच्या गोष्टी केल्या. ॲपची कॅशे, म्हणजे तात्पुरता साठा, पुसली. ॲप काढून पुन्हा टाकलं. लॅपटॉप दोनदा सुरू केला. यात पाऊण तास गेला आणि संदेशातलं एक अक्षरही बदललं नाही.

मग मी मॅडमचा पासवर्ड रीसेट केला. या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक ही. पासवर्ड बरोबर आहे हे मोबाइलवरचं चालू चॅट आणि मॅडम, दोघंही सांगत होते. तरी साइन-इन होत नाही म्हटलं की हात आपोआप रीसेटकडे जातो. रीसेट झाला की आधीच्या पासवर्डावर दिलेली साइन-इनची टोकन, म्हणजे पुन्हा पासवर्ड न विचारता आत सोडणारे परवाने, रद्द होतात, आणि व्हायलाच हवीत. पण त्यामुळे मोबाइलवर चालू असलेलं चॅटही बंद पडलं. मॅडमकडे उरलेली एकमेव वाट मी माझ्या हाताने बंद केली. तात्पुरता पासवर्ड, मग नवा पासवर्ड, मग ऑथेंटिकेटरवर (ओळखीची खात्री करणारं मोबाइलवरचं ॲप) पडद्यावरचा दोन आकडी क्रमांक टाकून खात्री, हे सगळं होऊन मोबाइल पुन्हा सुरू व्हायला चाळीस मिनिटं गेली. त्यातला एक टप्पा फोनवर आवाजी कॉल घेऊन खात्री करण्याचा पर्याय पुढे करत होता. मॅडमनी तो पर्याय मला बोटाने दाखवला आणि फक्त मान हलवली.

अकराची बैठक गेली. दुभाषी येऊन थांबले होते, त्यांना परत पाठवावं लागलं.

वाट अडली कुठे

बैठक हुकल्यावर मी हात थांबवले आणि कागद घेतला. साइन-इनच्या साखळीत कड्या मोजक्याच असतात: खातं, सेवा, नेटवर्क, घड्याळ, मशीन, त्या मशीनवरचं वापरकर्त्याचं प्रोफाइल आणि ॲप. एका वेळी एकच कडी बदलायची आणि उत्तर बदलतं का ते बघायचं.

पहिली कडी नेटवर्क. ऑफिसचं वायफाय सोडून मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. तोच संदेश, तोच कोड. म्हणजे फायरवॉल, प्रॉक्सी, राउटर यांचा संबंध नाही. या चाचणीला दोन मिनिटं लागतात आणि चौकशीचं निम्मं मैदान ती मोकळं करते. ती मी सव्वानऊलाच करायला हवी होती.

दुसरी घड्याळ. मशीन बदलल्यावर घड्याळ चुकलेलं असणं हे साइन-इन अडण्याचं नेहमीचं कारण आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. सर्व्हरच्या प्रमाणपत्राला "या तारखेपासून" आणि "या तारखेपर्यंत" अशा दोन कडा असतात. मशीनची तारीख त्यांच्या बाहेर गेली की सुरक्षित जोडणीच होत नाही आणि ॲप बिचारं "नेटवर्क तपासा" असं भलतंच सांगतं. ऑथेंटिकेटरमधले सहा आकडी कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतात, त्यामुळे कोड देणाऱ्या फोनचं घड्याळ दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे असलं तरी बरोबर कोड चुकीचा ठरतो. ऑफिसच्या डोमेनवर केर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत चालत असेल तर घड्याळांतल्या फरकाची तिची मूळ मर्यादा पाच मिनिटांची. वेळेबरोबर टाइम झोनही बघावा. काटे बरोबर दिसतात, झोन चुकीचा असतो आणि आतली खरी वेळ काही तासांनी सरकलेली असते. आमचं घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर होतं, झोनही.

तिसरी चाचणी ब्राउझरची. दुसऱ्या ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत मॅडमनी त्याच लॅपटॉपवर, त्याच नेटवर्कवर साइन-इन केलं. चॅट उघडलं, कॉलही लागला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि वहीत लिहिलं, "मग सकाळीच असं का नाही केलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी लिहिलं, "मॅडम, करायला हवं होतं. चूक माझी." तेव्हापासून माझा क्रम बदलला आहे. आधी माणसाला ब्राउझरमधून कामाला लावायचं, मग ॲपचा तपास.

चौथी चाचणी निर्णायक ठरली. त्याच लॅपटॉपवर विंडोजचं एक नवं वापरकर्ता खातं काढलं आणि त्यात मीटिंगच्या ॲपवर आधी माझं ऑफिसचं खातं लावलं. झालं. मग मॅडमचं लावलं. तेही झालं. म्हणजे टीपीएम चिप ठणठणीत होती, खातं ठीक होतं, नेटवर्क ठीक होतं, ॲपही ठीक होतं. दोष होता फक्त जुन्या डिस्कवरून आलेल्या मॅडमच्या प्रोफाइलमध्ये. "चिप बिघडली आहे" हे पडद्यावरचं वाक्य शब्दशः खरं धरलं असतं तर मी मदरबोर्ड बदलायला पाठवला असता.

कोड काय सांगत होता

८००९००१६ या कोडचा मूळ अर्थ पडद्यावरच्या वाक्यापेक्षा साधा आहे: कीसेट अस्तित्वात नाही. जी किल्ली मागितली ती सापडली नाही, एवढंच.

किल्ली कुठली? ऑफिसचं खातं विंडोजला जोडलं की मशीनची स्वतःची एक नोंदणी एन्ट्रा आयडी या मायक्रोसॉफ्टच्या खाती सांभाळणाऱ्या सेवेत होते. ही तीच सेवा, २०२३ पर्यंत जिचं नाव ॲझ्युअर एडी होतं. त्या नोंदणीच्या वेळी मशीनवर किल्ल्यांची एक जोडी तयार होते. सार्वजनिक किल्ली सेवेकडे जाते, खासगी किल्ली मशीनकडे राहते. पुढे दर वेळी सेवा दोन गोष्टी विचारते: माणूस तोच आहे का, आणि मशीन तेच आहे का. पासवर्डने पहिल्याचंच उत्तर मिळतं. दुसऱ्याचं उत्तर खासगी किल्लीने सही करून द्यावं लागतं.

कमांड प्रॉम्प्टवर डीएसरेगसीएमडी ही मशीनची नोंदणी दाखवणारी कमांड स्टेटसच्या पर्यायासह चालवली. वर्क अकाउंटच्या भागात "टीपीएम प्रोटेक्टेड" पुढे "येस" होतं आणि किल्लीचा प्रोव्हायडर म्हणून "मायक्रोसॉफ्ट प्लॅटफॉर्म क्रिप्टो प्रोव्हायडर". हा प्रोव्हायडर म्हणजेच टीपीएम. इथे शनिवारचा निळा पडदा आठवला आणि सगळं जुळलं.

ब्राउझरने किंवा विंडोजने जपून ठेवलेले साधे पासवर्ड वापरकर्त्याच्या पासवर्डातून काढलेल्या किल्लीने कुलूपबंद केलेले असतात. डिस्क हलवली, पासवर्ड तोच राहिला, की ते नव्या मशीनवरही उघडतात. टीपीएममधल्या किल्लीचं तसं नाही. डिस्कवर तिचं एक गाठोडं असतं खरं, पण ते ज्या किल्लीने बांधलेलं असतं ती चिपच्या आतल्या बीजातून तयार होते आणि चिपबाहेर कधीच येत नाही. गाठोडं फक्त त्याच चिपला सोडता येतं. आमचं गाठोडं नव्या लॅपटॉपमध्ये आलं आणि ते सोडणारी चिप जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवर, कपाटात पडून राहिली.

ही व्यवस्था मुद्दाम अशी आहे, आणि चांगली आहे. कुणी डिस्क चोरली, तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या मशीनमध्ये घातली, तर त्याला आपल्या नावाने चॅटमध्ये शिरता येऊ नये यासाठीच ती किल्ली चिपमध्ये ठेवतात. आम्ही जे केलं ते मशीनच्या नजरेने पाहिलं तर चोरी करणाऱ्याने केलं असतं तेच होतं. या व्यवस्थेने आम्हाला अडवलं हे तिचं काम होतं.

मला खरी खंत वेगळ्याच गोष्टीची वाटते. बिटलॉकरसाठी मी शनिवारी अगदी योग्य तेच केलं होतं, जुन्या चिपचा प्रोटेक्टर काढून नव्या चिपचा जोडला होता. डिस्कच्या कुलपाबाबत जे समजलं ते खात्याच्या कुलपाबाबत सुचलं नाही. पिननेही तेच सांगितलं होतं, कारण पिनची किल्लीही चिपमध्येच असते. तीन कुलपं, एकच चिप, आणि मी तिन्हींकडे सुटं सुटं बघत होतो.

टीपीएम क्लिअर करण्याचा मोह

हा संदेश दिसला की कुणीतरी हमखास सुचवतं: बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन टीपीएम क्लिअर करा, म्हणजे चिपमधल्या किल्ल्या पुसा. इथे त्याचा उपयोग शून्य होता. हवी असलेली किल्ली नव्या चिपमध्ये कधी नव्हतीच, चिप पुसून ती येणार कुठून? उलट नुकसान निश्चित होतं. बिटलॉकरची शनिवारी जोडलेली नवी किल्ली गेली असती आणि पुन्हा ४८ आकडे मागितले गेले असते. ते आकडे जवळ नसतील तर डिस्कवरचा सगळा डेटा कायमचा बंद. रिकव्हरी की हातात, कागदावर किंवा दुसऱ्या उपकरणावर, प्रत्यक्ष डोळ्यांना दिसल्याखेरीज टीपीएम क्लिअरच्या बटणाजवळ जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्ती

दुरुस्तीला पंचवीस मिनिटं लागली. आधी बिटलॉकरची रिकव्हरी की पुन्हा तपासून घेतली, मॅडमच्या फाइली क्लाउडवर पूर्ण पोचल्यात हे ब्राउझरमधून पाहिलं, आणि मशीनवर दुसरं ॲडमिन खातं चालतंय याची खात्री केली. मग सेटिंग्जमधल्या अकाउंट्सखाली ॲक्सेस वर्क ऑर स्कूलमध्ये जाऊन ऑफिसचं खातं डिस्कनेक्ट केलं. मॅडमचं प्रोफाइल लॉगआउट करून दुसऱ्या ॲडमिन खात्यातून त्यांच्या ॲपडेटा, लोकल, पॅकेजेस या वाटेवरच्या, नावात "एएडी ब्रोकरप्लगिन" असलेल्या फोल्डरचं नाव बदललं. काढून टाकलं नाही, शेवटी "जुना" जोडलं. काही बिघडलं तर परत फिरता यावं म्हणून. हाच घटक सगळ्या ॲपच्या वतीने साइन-इनची देवाणघेवाण करतो, आणि चॅट व ईमेल एकाच जागी का अडत होते याचं उत्तरही तोच आहे.

लॅपटॉप पुन्हा सुरू केला, मॅडमनी लॉगिन केलं, ऑफिसचं खातं नव्याने जोडलं. पासवर्ड, ऑथेंटिकेटरवरचा क्रमांक, आणि खातं तयार. पुन्हा स्टेटस पाहिलं तर डिव्हाइस आयडी नवा होता, "टीपीएम प्रोटेक्टेड" अजूनही "येस", पण आता या चिपचं. चॅटचं ॲप पहिल्याच फटक्यात उघडलं. पिन विसरल्याच्या दुव्यावरून नवी पिन घेतली. एन्ट्राच्या यादीतून जुन्या नोंदणीची ओळ काढून टाकली. मृत मशीनची नोंद चालू ठेवणं चांगलं नाही.

व्हिडिओ मात्र काळा येत होता. साइन-इनशी त्याचा काही संबंध नव्हता, नव्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर सरकवायचं झाकण होतं. कॅप्शनची भाषा आणि आकार मॅडमनी स्वतः तपासले, आणि दुभाषींची चौकट पडद्यावर कायम लावून ती मोठी राहते का तेही. साइन-इन झालं म्हणून मी "झालं" असं लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडून खाली लिहिलं, "कॉल पूर्ण होऊ दे, मग झालं." दहा मिनिटांचा चाचणी कॉल पूर्ण झाल्यावर त्यांनी स्वतःच त्यापुढे बरोबरची खूण केली.

पुढच्या मशीनसाठी

आमच्याकडे अजून चार लॅपटॉप बदलायचे होते. त्यातल्या एकाचीही डिस्क मी हलवली नाही. नव्या मशीनवर विंडोज कोरं बसवलं, खातं तिथे नव्याने जोडलं आणि फक्त फाइली व मांडणी आणली. फाइली सगळ्या पोचल्याची खात्री झाल्यावर जुन्या मशीनवरून ऑफिसचं खातं रीतसर डिस्कनेक्ट केलं. डिस्क हलवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर डिस्कनेक्ट करण्याचं काम डिस्क काढण्याआधी, जुन्या चिपसमोरच व्हायला हवं. क्यूआर कोड दाखवून संगणकाला फोनशी जोडणाऱ्या मेसेजिंग ॲपनाही हेच लागू आहे. व्हॉट्सॲपवर अशी चारच उपकरणं जोडता येतात. जुना संगणक "लिंक्ड डिव्हाइसेस"च्या यादीतून काढून नवा जोडावा, त्याचा डेटा फोल्डर उचलून नेऊ नये.

मशीन बदलण्याच्या आमच्या फॉर्मवर दोन नव्या ओळी आल्या आहेत. एक, या व्यक्तीचं बोलणं कुठल्या वाटांनी चालतं, आणि काम चालू असताना त्यातली कुठली वाट हमखास उघडी राहील. दुसरी, पासवर्ड रीसेट करण्याआधी खातं दुसऱ्या कुठल्याही उपकरणावर चालू आहे का. असेल तर रीसेट नाही.

मॅडमचा जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी मी तो एकदा चालू केला. आत डिस्क नव्हती, पण त्या किल्ल्या सोडू शकणारी चिप अजून तिथेच होती. बायोसमध्ये जाऊन टीपीएम क्लिअर केलं.